लूपर पेडल: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर, फक्त सोलोच्या नजरेने

एका बटणाचा साधा लूपर, म्हणजे गिटारवर वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हा पुन्हा ऐकवणारं, पायाने दाबायचं यंत्र, गेले बरेच महिने माझ्या रोजच्या रियाजात आहे. घेतला तो लीड, म्हणजे साथीवर वाजवायचा सोलो, सुधारण्यासाठीच. लीड सुधारलंही, आणि चांगलंच सुधारलं. मात्र खोक्यावर ज्या गोष्टींची जाहिरात असते, म्हणजे थरावर थर चढवणं, मोठी मेमरी वगैरे, त्यांचा यात काही वाटा नाही.

बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेल्या साथीवर, ए मायनर पेंटाटोनिक ही स्वरमालिका वाजवली की काहीही बरंच वाटतं. पाच स्वर, त्यातला एकही फारसा खटकत नाही, आणि उरलेली जागा ड्रम-बेस भरून काढतात. म्हणून बोटं त्याच चौकटीत तेच लिक, म्हणजे पाठ झालेले छोटे तुकडे, घोळवत राहतात. लूपरवर साथ आपणच वाजवलेली असते. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कधी बदलणार हे हाताला ठाऊक असतं, आणि कान त्या क्षणाची वाट बघायला लागतो. माझ्या दृष्टीने या पेडलचं मोल एवढ्यातच आहे, आणि ते खूप आहे.

दोन बार (चार-चार बीटचे) सी कॉर्ड, दोन बार जी, एवढाच लूप घ्या. ८० बीपीएमला (मिनिटाला ८० बीट) चार बार बरोबर १२ सेकंदांत होतात. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचा खण) सी धरून ठेवा आणि जी कॉर्ड पडताक्षणी एक फ्रेट खाली, चौथ्यावरच्या बीवर उतरा. बी हा जी मेजरचा तिसरा स्वर, कॉर्डचं मेजरपण त्याच्यातच आहे. ए मायनर पेंटाटोनिकमध्ये तो सापडतच नाही. तो नेमका पहिल्या बीटवर लागला की गवई समेवर आल्यासारखं वाटतं. ए मायनरवरून एफला जाताना असंच दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या ईवरून सहाव्या फ्रेटच्या एफवर चढायचं. मी कितीतरी दिवस अशा दोन-दोन स्वरांवरच घालवले. त्यानंतर सोलोत कॉर्ड ऐकू येऊ लागले. साथ बंद केली तरीही!

बेंडसाठी, म्हणजे तार ओढून स्वर चढवण्यासाठी, लूपरचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा ई लांब वाजवून लूपमध्ये भरायचा आणि त्यावर तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट पूर्ण स्वराने ओढायचा. बेंड किंचित कमी पडला तर आवाजात लाट उठते, जुळत आला की ती संथ होते आणि नेमक्या जागी विरते. ट्यूनरच्या काट्याकडे बघून मनगटाला हे शिकवता येत नाही. व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचं कंपन, मी त्यानंतरच घेते, बेंड जागेवर पोचल्यावर.

श्वास घ्यायलाही लूपरनेच शिकवलं. दोन बार वाजवायचं, दोन बार गप्प राहायचं. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना गिटार थांबवायचे आणि ओळ संपली की गिटारने उत्तर द्यायचे, तीच शिस्त. गप्प राहण्याच्या बारमध्ये पुढची ओळ गुणगुणून घेतली तर फ्रेज आपोआप छोटी आणि गाण्याजोगी होते.

जोडणीबद्दल. लूपर डिस्टॉर्शनच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) नंतर ठेवा. आधी ठेवलात तर लूपमधली साथ आणि वरचं लीड दोन्ही एकाच डिस्टॉर्शनमधून जातात आणि सगळा चिखल होतो. नंतर ठेवला की साथ क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय) रेकॉर्ड करून सोलोपुरतं डिस्टॉर्शन चालू करता येतं. अँपचंच डिस्टॉर्शन वापरत असाल तर लूपर अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे डिस्टॉर्शननंतर पेडल जोडण्यासाठी अँपच्या मागे असलेल्या जोडणीत, जोडा. आणखी एक, डिजिटल पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर टाकलं की बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. माझ्याकडे यायचा, स्वतंत्र सप्लाय दिल्यावर गेला.

वेगासाठी मात्र याचा उपयोग नाही. माझ्या पेडलवर टेम्पो वाढवायचा तर लूप पुन्हा भरावा लागतो, त्यामुळे पिकिंग आणि वेगासाठी मेट्रोनोमच बरा. शिवाय लूप तुमचं ऐकत नाही. तुम्ही हळू वाजवलंत म्हणून तो मागे सरकत नाही, जोरात वाजवलंत म्हणून पेटत नाही. हे माणसांबरोबर वाजवूनच येतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुणाबरोबर बसावंच.

रिदम अजून डळमळीत असेल तर सोलो बाजूला ठेवून आधी लूप नीट बंद करायला शिका. शेवटचा दाब चौथ्या बीटनंतर कुठेतरी पडून चालत नाही, तो पुढच्या बारच्या ‘एक’वर पडायला हवा. पायाला उशीर झाला की प्रत्येक फेरीत तीच अडखळ ऐकावी लागते. आणि घेणार असाल तर थांबवायला वेगळं बटण असलेला बघा. एकाच बटणाच्या पेडलवर थांबण्यासाठी पटकन दोनदा दाबावं लागतं, आणि तो दुहेरी दाब तालात बसवणं सोलोच्या ऐन शेवटी फार अवघड जातं.