गाडीत पाणी मुरलंय: घरी सुकवावी, वायरमनला दाखवावी की सर्व्हिस सेंटरला न्यावी?

रात्रभर मुसळधार पावसात उभी असलेली गाडी सकाळी वेड्यासारखी वागायला लागते. एक काच खाली जाते ती वर येतच नाही. वायपर बंद केले तरी फिरत राहतात. डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम पेटतात. इतके दिवे पाहिले की माणूस हबकतो आणि थेट टो करणाऱ्याला फोन लावतो. उलट एकच दिवा लागला असेल तर 'सुकेल आपोआप' म्हणून तशीच चालवतो. माझ्या मते हे दोन्ही निर्णय चुकीच्या गोष्टीवर घेतले जातात. दिवे किती लागले यापेक्षा पाणी कुठून आलं, कुठवर चढलं आणि ओल्या वायरिंगमध्ये वीज किती वेळ खेळत राहिली, हे बघायला हवं.

दिव्यांच्या गर्दीचं कारण पुष्कळदा साधं असतं. गाडीतले मॉड्यूल, म्हणजे एकेक काम सांभाळणारे छोटे संगणक, कॅन नावाच्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. त्या जोडीवरचा एक कनेक्टर ओला झाला तरी सगळ्यांचं बोलणं तुटतं आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावून मोकळा होतो. म्हणजे दहा दिवे आणि दोष एकच, असंही होतं.

तीनपैकी कोणताही मार्ग धरा, पहिलं काम तेच: चावी फिरवायची नाही आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवायची. नुसतं पाणी सुकून जातं. पण ओल्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्ट टिकून राहिले तर विद्युत-विघटन सुरू होतं आणि पॉझिटिव्ह बाजूची पिन अक्षरशः खाल्ली जाते. तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि ओल वायरीच्या आवरणाच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी, पुढे सरकत राहते. केबल काढण्याआधी चावी खिशात ठेवा. डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर डिकी उघडी ठेवा. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल आणि पाणी खालच्या भागात साचलं असेल, तर पुढची तुलना तुमच्यासाठी नाही. उच्च दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी केबलींना हात न लावता ती गाडी उचलून सर्व्हिस सेंटरलाच न्यायची.

घरी सुकवणं

पाणी वरून झिरपलं असेल, पायाखालचा गालिचा ओला असेल पण पाण्याचं तळं साचलेलं नसेल, तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. खर्च जवळपास शून्य, वेळ मात्र भरपूर लागतो. लोक फसतात ते गालिच्याला हात लावून. वरून तो दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पण त्याखालचा फोम स्पंजसारखा पाणी धरून आठवडेच्या आठवडे ओला राहतो. नेमक्या त्याच फोमखालून वायरींचा जुडगा जातो आणि काही गाड्यांत सीटखाली मॉड्यूलही असतं. जुना टॉवेल टाकून त्यावर गुडघ्याने जोर द्या. टॉवेल भिजला तर काम बाकी आहे. ओलं शोषणारा व्हॅक्यूम, पंखा आणि उघडी दारं हे चांगले. हेअर ड्रायर जवळ धरला तर प्लॅस्टिक वाकतं. तांदळाची पिशवी ठेवण्याचा सल्ला ऐकायला गोड आहे, एवढंच.

फ्यूज बॉक्समधले फ्यूज आणि रिले एकेक काढून पाहता येतात. आधी फोटो काढून ठेवा. पिना पांढऱ्या किंवा हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मारा आणि पूर्ण वाळू द्या. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर १० अँपिअरच्या जागी २० चा बसवायचा मोह टाळा. त्याने फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

या मार्गाची हद्दही स्पष्ट आहे. गालिचा पूर्ण उचलायला सीट काढावी लागते आणि सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे. तिथे हौस थांबवावी.

स्वतंत्र वायरमन

पावसाच्या गळतीतून आलेल्या बिघाडासाठी मी याच्या बाजूने आहे. कारण हा माणूस वायर दुरुस्त करतो, तर मोठ्या वर्कशॉपचा कल भाग बदलण्याकडे असतो. कळकलेली पिन बदलणं, कुजलेला तुकडा कापून नवी वायर जोडणं, अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करणं ही तासा-दोन तासांची कामं आहेत. त्यासाठी अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, बदलण्याची गरज नसते.

फक्त वायरमन निवडताना कान उघडे ठेवा. तो मल्टिमीटर आणि गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर काढतो की थेट 'बॅटरी गेली' म्हणतो? माझ्या गाडीची बॅटरी एका वर्कशॉपने दोनदा बदलली. दर तीन-चार दिवसांनी ती उतरतच होती. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने बॅटरी आणि निगेटिव्ह केबलच्या मध्ये मीटर लावला, गाडी झोपायची, म्हणजे तिचे मॉड्यूल शांत व्हायची, अर्धा-पाऊण तास वाट पाहिली आणि एकेक फ्यूज काढत गेला. सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरच्या आत राहायला हवा तो प्रवाह काही पटींनी जास्त होता, आणि एक फ्यूज निघताच धपकन खाली आला. त्या फ्यूजवरचं मॉड्यूल डाव्या पायाजवळ ओल्या फोमला टेकून बसलं होतं.

कॅनची तक्रार असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: बॅटरी काढून दोन वायरींमधला रोध मोजला का? तो ६० ओहमच्या आसपास यायला हवा. १२० आला तर वायर कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आला तर दोन्ही एकमेकींना चिकटल्या आहेत. हे मोजणारा माणूस अंदाजाने मॉड्यूल बदलायला लावणार नाही.

त्याची कमजोर बाजू कोडिंगची. नवं मॉड्यूल बसवल्यावर ते गाडीच्या चावीशी आणि इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जुळवावं लागतं, आणि ते सॉफ्टवेअर प्रत्येकाकडे नसतं.

सर्व्हिस सेंटर

वॉरंटी चालू आहे, एअरबॅगचा दिवा सुकवल्यावरही जात नाही, किंवा पाणी सीटच्या बैठकीपर्यंत चढलं, यांपैकी काहीही असेल तर वाद नको, इकडेच. रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात माती, मीठ, सांडपाणी असतं. ते पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षा वीज जास्त वाहून नेतं आणि सुकल्यावर क्षार मागे ठेवतं. अशा गाडीत आज चालणारा कनेक्टर तीन महिन्यांनी दगा देऊ शकतो. विमा वापरायचा असेल तर काहीही उघडण्याआधी पाण्याच्या खुणेचे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. रबर जीर्ण झाल्याने हळूहळू झालेली गळती मात्र सहसा देखभालीतली चूक समजली जाते.

इथलं बिल मोठं होतं ते मॉड्यूलमुळे, म्हणून त्याचा पर्याय आधीच विचारून ठेवा. बोर्डवर नुसता कळंक असेल तर तो साफ करून, डाग देऊन (सोल्डर करून) चालू करणारे कारागीर असतात, आणि त्यात गाडीचा मूळ डेटा जसाच्या तसा राहतो. दुसऱ्या गाडीचं जुनं मॉड्यूल स्वस्त दिसतं, पण बऱ्याचदा दुसऱ्या गाडीच्या चासी क्रमांकाला बांधलेलं असतं. जुन्यातला डेटा त्यात उतरवून देणारा माणूस हाताशी असेल तरच ते घ्यावं. एअरबॅगचं मॉड्यूल भिजलं असेल तर मी दुरुस्तीच्या वाटेला जाणार नाही, नवंच बसवेन.

तिन्ही ठिकाणी एक काम राहून जातं: गळती शोधणं. काचेखालच्या जाळीत पानं अडकून निचरा तुंबणं, सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या भरणं, दाराच्या आतली प्लॅस्टिकची पडदी सुटणं, डिकीच्या दिव्याचं रबर आकसणं, या नेहमीच्या जागा. एसीची निचरानळी तुंबली तरी गालिचा भिजतो, आणि तेव्हा दोष पावसाला जातो. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने खालून वर, एकेका भागावर पाच-दहा मिनिटं पाणी सोडत जायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पोचतो आणि भोक सापडत नाही. ही परीक्षा गालिचा उघडा असतानाच करून घ्या, मग तो वायरमनच्या अंगणात उघडलेला असो की सर्व्हिस सेंटरमध्ये.