लाईट कधी येणार? सॅक्रामेंटोच्या लोकांच्या वीज कंपनीबद्दल एका निवृत्त लाइनमनचं मत

नोकरीभर मला एकच प्रश्न विचारला गेला. खांबावर असताना, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयताला गेलो होतो तिथेसुद्धा. "लाईट कधी येणार?" दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या फिडरवर सगळी नोकरी गेली, त्यामुळे कुठलीही वीज कंपनी मी त्या एका प्रश्नावरच जोखतो. दर, मीटर, ऑफिसातली एसी हे सगळं नंतर.

लेक कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ फोल्समला असते. तिच्याकडे राहून आलो. लोक तिकडचे डोंगर बघतात, मी डीपी बघत हिंडलो. जावईबापू हसले, पण त्यांनीच मग मोबाईलवर त्यांच्या वीज कंपनीचा नकाशा उघडून दिला आणि मला नवा नाद लागला. घरी आल्यावरही तो सुटलेला नाही. उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा माझ्या पडवीत सकाळचे साडेसात झालेले असतात. चहाबरोबर लोक पेपर वाचतात, मी सॅक्रामेंटोत कुठे लाईट गेलीय ते वाचतो. आमची ही म्हणते, इथली गेलेली बघा आधी.

कंपनीचं नाव सॅक्रामेंटो म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. तिकडे सगळे नुसतं 'स्मड' म्हणतात. नकाशावर जिथे पुरवठा बंद आहे तिथे खूण दिसते. तिच्यावर बोट ठेवलं की किती ग्राहक अंधारात आहेत, अंदाजे कधी येईल आणि कारण कळलं असेल तर कारणही वाचायला मिळतं. लाईट गेल्याचं आपणही फोनवरून कळवू शकतो.

मला सगळ्यात पटलं ते कारण सांगणं. अर्धा तास अंधारात बसायला माणूस कुरकुरत नाही. का बसायचं ते कळलं नाही की मात्र तो पेटतो. वटवाघूळ चिकटलं, माडाची झाप तारेवर पडली, जंपर तुटला, असं सांगितलं तर आमच्या वाडीतला माणूस "असू दे, सावकाश करा" म्हणतो आणि वर चहा पाठवतो. "फॉल्ट आहे" एवढंच सांगितलं तर तोच माणूस रात्री अकराला सरपंचाला उठवतो. तिकडे माडही नाहीत आणि आपली वटवाघळंही नाहीत, पण फुगे आहेत. वाढदिवसाचे ते चकचकीत, चंदेरी फुगे. हातातून सुटले आणि तारांत अडकले की शॉर्ट. फुगे बांधून ठेवा, बाहेर सोडू नका, असं कंपनी लोकांना बजावत असते. मला आधी हसू आलं. मग वाटलं, आपणही चौथीच्या पोरांना पतंगाबद्दल असंच सांगायला हवं.

अंदाजे वेळेबद्दल मात्र माझा धंदेवाईक संशय आहे. लाइन चालून बघितल्याशिवाय फॉल्ट कुठे आहे ते देवालाही कळत नाही. पेट्रोलिंग व्हायच्या आधी पडद्यावर दिसणारी वेळ हा अंदाजच असतो, मग ती सॅक्रामेंटोत दिसो नाहीतर आसूदमध्ये. पण अंदाज सांगून तो बदलावा लागला तरी चालतं. माणूस त्याप्रमाणे फ्रिजमधली मासळी शेजारी देतो, पाण्याची टाकी भरून घेतो.

हे आपल्या नियमांतही आहे बरं. केंद्र सरकारच्या २०२०च्या वीज ग्राहक हक्क नियमांत लिहिलंय की पुरवठा ठरवून बंद ठेवायचा तर ग्राहकाला कळवायचं, आणि अचानक गेला तर लगेच एसएमएस वगैरे करून कधी येईल त्याचा अंदाज द्यायचा. कागद चांगला आहे.

आता आडवा मुद्दा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी नोकरीत होतो. खांब मोडले, पोफळींच्या बागा तारांवर आडव्या झाल्या, आणि मोबाईलचे टॉवरही गेले. त्या दिवसांत असला नकाशा कुणाच्या कामाला आला असता? नेटच नव्हतं. आम्ही रेशन दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहायचो, आज कुठल्या वाडीची लाइन उभी करतोय, उद्या कुठली. त्या फळ्यापाशी जेवढी गर्दी व्हायची तेवढी कधी रॉकेलसाठीही झाली नसेल. तेव्हा नकाशा कितीही देखणा असला तरी त्याच्या जोडीला फळा हवा, हे माझं मत कायम आहे.

तर ही कंपनी लोकांना एवढं सांगत का बसते? मालक लोकच आहेत. भागधारक नाहीत, नफा वाटायचा नाही. १९२३ साली तिथल्या मतदारांनी मत देऊन ती स्थापन केली. मग जुन्या खासगी कंपनीशी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे, आणि प्रत्यक्ष वीज द्यायला सुरुवात झाली ती १९४६च्या ३१ डिसेंबरला. एवढ्या काळात आपल्याकडे जमिनीचे दोन खटले निकालात निघतात. सात वॉर्डांतून निवडून आलेले सात संचालक कारभार बघतात. दर वाढवायचा तर आधी अहवाल लोकांपुढे ठेवतात, बैठका घेतात, सुनावणी होते, मग संचालकांचं मतदान. आणि हे नावापुरतं नाही. त्यांचा रँचो सेको नावाचा अणुवीज प्रकल्प होता. तो १९८९च्या जूनमध्ये लोकांनी मतदान करून बंद पाडला. चालू प्रकल्प, आणि ग्राहक म्हणतात बंद, की बंद. मी लेकीला दोनदा विचारून घेतलं.

संचालकांच्या बैठका ऑनलाइन बघता येतात. बघितल्या. आमच्या विकास सोसायटीच्या सभेपेक्षा शांत आणि तेवढ्याच कंटाळवाण्या. पण कुणीही सामान्य ग्राहक उठून माईकवर दोन शब्द बोलतो आणि संचालक ऐकून घेतात. एक आजी तर चांगलंच सुनावत होत्या.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं नव्हे. श्रीरामपूर-राहुरीकडे मुळा-प्रवरा ही वीज वाटणारी सहकारी संस्था होती, ग्राहकच सभासद. २०११च्या जानेवारीत तिचा परवाना संपला आणि ते ग्राहक महावितरणकडे आले. ती का टिकली नाही यावर बोर्डातली जुनी माणसं अजून तासभर भांडतील. इथे नको.

बिलाबद्दल थोडं. तिकडे वेळेप्रमाणे दर आहे, कामाच्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ वीज सगळ्यात महाग. लेक कपडे धुवायचं मशीन आठनंतर लावते. मला आधी ही चिकटेगिरी वाटली, पण कुठल्या वेळी किती युनिट जळले ते ग्राहकाला खात्यावर बघता येतं. त्यामुळे एसी कोण किती चालवतं यावरून जावईबापूंच्या घरात वाद होतो तेव्हा पुरावा हाताशी असतो.

आणि झाडं. ही वीज कंपनी १९९०पासून तिथल्या एका वृक्षसंस्थेबरोबर ग्राहकांना सावलीची झाडं फुकट देते. घरावर सावली पडली की एसी कमी चालतो, हिशेब सरळ. मी आयुष्यभर कोयती घेऊन फांद्या छाटल्या आणि बागायतदारांच्या शिव्या खाल्ल्या. "माझा रायवळ तोडलास!" इथे कंपनीच रोप देते, आणि ते कुठे लावायचं, तारेपासून किती लांब, हेही सांगते. हा भाग मी आमच्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून सांगितला. दोघांना खरं वाटलं नाही.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो फळ्यासाठी.

तुमची मुलं त्या बाजूला असतील तर आधी त्यांचा पुरवठा स्मडचाच आहे का ते बघायला सांगा. शेजारच्या रोझव्हिलला शहराची स्वतःची वेगळी वीज आहे. आणि खात्यात मोबाईल नंबर चालू आहे ना, तेवढं तपासून घ्यायला सांगा. नवीन सिम घेतलं की पोरं हेच विसरतात.