फर्मी वापरून नऊ महिने: शेंगा चटणीचा हिशेब

डिसेंबरात वहिनींनी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शेंगा चटणीचा स्टॉल टाकायचं ठरवलं आणि हिशेब माझ्या गळ्यात आला. रोज गिऱ्हाईक किती, माणशी चटणी किती, दोन्ही अंदाजपंचे. एक्सेलच्या चौकटीत एकच आकडा ठोकावा लागतो, म्हणून फर्मी लावून घेतला: अंदाजांचा हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम, टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या ओळींवर चालणारा.

यात एका ओळीत दोन आकडे द्यायचे: खरा आकडा यांच्या मध्ये असेल अशी नव्वद टक्के खात्री वाटेल, असे. मी ८० १८० गिऱ्हाईक लिहिलं, खाली ०.१ ०.४ किलो. ओळीआधी बेरीज-वजाबाकीची खूण दिली नाही तर तो गुणाकारच धरतो. उत्तर आलं साधारण १०.८ ते ५३.६ किलो. टोकाला टोक गुणलं तर ८ ते ७२ होतात. पण गर्दीही कमी आणि प्रत्येकाचा हातही आखडता, असं एकाच दिवशी क्वचित जुळतं, म्हणून पट्टा आकसतो. मधला आकडा २४, दोन्ही ओळींच्या साध्या सरासऱ्या (१३० आणि ०.२५) गुणून येणारे साडेबत्तीस नाही. कारण तो लॉगनॉर्मल धरतो, म्हणजे अंतर आकड्यांच्या लॉगवर (लॉगॅरिदमवर) मोजतो. मधल्यापासून दुप्पट आणि निम्मं त्याला सारखंच लांब.

वहिनींनी स्क्रीनकडे बघितलं. "दहा का त्रेपन्न? नीट सांगा की, भाऊजी." शेवटी रोजची तीस किलो कुटायचं ठरलं.

पहिल्याच रविवारी होम मैदानावर संध्याकाळी सातला डबे रिकामे. चूक माझी. फर्मी दोन ओळी एकमेकींपासून सुट्या मानतो. रविवारी गर्दी वाढते आणि घरची मंडळी बरोबर असल्यानं खरेदीही वाढते, हे त्याला कळणार कुठून? आता रविवारचा हिशेब वेगळा घालतो. दुसरी अडचण: 'शून्य ते पाच' असा पट्टा देता येत नाही, शून्याचा लॉग नसतो ना. बेरीज-वजाबाकी चालते, तिथे तो हजारो नमुने काढून उत्तर देतो.

खरी फजिती पुढे झाली. ऑगस्टपर्यंत दाण्याचा भाव, पाकिटं, रिक्षाभाडं असे २२ पट्टे वहीत लिहून ठेवले होते. वीसएक तरी बरोबर यायला हवे होते, आले १३. दाण्याच्या भावाचा पट्टा तर तिन्ही वेळा अरुंद, आणि तिन्ही वेळा मी ठाम होतो.

आता खालचा-वरचा आकडा वहिनी सांगतात, मी नुसता टाइप करतो.