बिगिनर क्लासचे नियम बदलायचेत? सिल्व्हर कॅन, २१.५ की १७.५ ब्लिंकी

आरसी (रिमोटवरच्या गाड्यांच्या) रेसिंगमध्ये बिगिनर क्लासचे नियम नव्याने लिहायला बसलं की वाद मोटरवरच येऊन अडकतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सिल्व्हर कॅन म्हणजे टॅमियाच्या बऱ्याच किटमध्ये येणारी साधी ५४० ब्रश्ड मोटर. स्पीड बेताचा, गाडी ट्रॅकच्या कडेच्या बोर्डवर आदळली तरी फारसं मोडत नाही, नवख्याला एकदम झेपते. अडचण अशी की ब्रश झिजतात, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) काळा पडतो, आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मोटर पळायला सारख्या नसतात, मग मुरलेला रेसर ढीगभर मोटर आणून त्यातली सगळ्यात फास्ट निवडतो आणि नवीन पोरगा बिचारा किटमधल्याच मोटरवर. क्लबने मोटर स्वतःकडे ठेवून रेसच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून वाटल्या तर हे थांबतं, पण ते काम दर वेळी करणारं कुणीतरी पाहिजे.

१७.५ आणि २१.५ या ब्रशलेस मोटर, आकडा म्हणजे वाइंडिंगचे वेढे. १७.५ ब्लिंकीचा नियम तपासायला मस्त. ईएससीचं (मोटरचा स्पीड सांभाळणाऱ्या सर्किटचं) टायमिंग, म्हणजे कॉइलला करंट किती आधी द्यायचा ते, शून्यावर असलं की त्याची लाइट लुकलुकते, म्हणून ब्लिंकी; लांबूनही दिसतं. पण मोटरचं स्वतःचं टायमिंग मागचं झाकण फिरवून वाढवता येतं आणि स्पीड वाढतो, रोटर (आतला फिरणारा मॅग्नेट) बदलता येतो, मग कोणती मोटर, कोणता रोटर याची शोधाशोध सुरू होते आणि त्यात पैसेवालाच पुढे. शिवाय हा स्पीड नवख्यासाठी जास्तच आहे, पहिल्याच कॉर्नरला सस्पेन्शन आर्म तुटली की तो परत येत नाही हो! माझ्या मते हा पुढचा क्लास, बिगिनर नाहीच.

राहिली २१.५. वाइंडिंगचे वेढे जास्त म्हणून वेग कमी, ब्रशची कटकट नाही. फक्त "कुठलीही २१.५ चालेल" असं लिहू नका, नाहीतर १७.५ चीच गोष्ट इथे होणार. एकच मॉडेल ठरवा, टायमिंग लॉक असलेलं, सील केलेलं. माझं मत स्पष्टपणे हिलाच.

आता गिअरिंग. एफडीआरची (चाकाच्या एका फेरीमागे मोटरच्या किती फेऱ्या, त्याची) मर्यादा नसेल तर लोक मोठं पिनियन (मोटरवरचा गिअर) लावतात, मोटर तापते आणि सगळ्यात आधी जळते ती नवख्याची, कारण टेम्परेचर बघायचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. टॅमियाच्या टीटी-०२ चॅसिसमध्ये स्टँडर्ड स्पर (पिनियन ज्याला फिरवतं तो गिअर) ७० दातांचा आणि पिनियन २२ चं, आतला रेशो २.६, म्हणजे एफडीआर ८.२७. असा एक आकडा नियमात असला की दात मोजले की झालं.

बॅटरी हार्डकेस (कडक कव्हरची) २एस, म्हणजे दोन सेलची लायपो, रेसआधी व्होल्टेज ८.४ व्होल्टच्या आत. लायएचव्ही (जास्त व्होल्टेजची लायपो) ८.७ पर्यंत चार्ज होते, त्यामुळे मीटर लावून बघाच.

टायर मात्र एकच ठेवा. मोटरपेक्षाही जास्त फरक टायर पाडतात, आणि ट्रॅकवर आज कोणतं कंपाउंड (टायरच्या रबराचा प्रकार) चालतंय हे फक्त जुन्यांनाच माहीत असतं.

आणि ड्रायव्हरचा नियम विसरू नका. सीझन जिंकला की वर जायचं, नाहीतर तोच माणूस वर्षानुवर्षं बिगिनरची ट्रॉफी नेतो. बदल सीझनच्या मध्ये आणू नका, आणि ज्यांच्याकडे आधीच सिल्व्हर कॅन आहे त्यांना एक सीझन २१.५ वाल्यांसोबतच पळू द्या, रिझल्ट तेवढे वेगळे लावा.