हायब्रिडला बाहेरच्या कंपनीचे ब्रेक पॅड: सात महिने आणि चार क्लिपा

आधीच सांगतो, पॅड वाईट नाहीत. तरी मी चिडलोय, आणि तेही चार क्लिपांवरून.

मागच्या उजव्या चाकातून करकर यायला लागली. हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर असलेल्या गाडीत, वेग कमी करायचं बरंचसं काम ती मोटरच करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, असं मी चारचौघांत मिरवत होतो. चाक उघडलं तर बाहेरचा पॅड जवळपास कोरा आणि आतला पार लोखंडाला टेकलेला. कॅलिपर, म्हणजे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन गंजून बसली होती. ब्रेक फारसे वापरले नाहीत म्हणून पिन अडकली आणि पॅड गेला, आता बोला!

मूळ कंपनीचे पॅड घ्यायला हात धजेना, म्हणून बाहेरच्या कंपनीचे मागवले. पहिला सेट परत पाठवला. डब्यावर मॉडेलचं नाव बरोबर, वर्षही बरोबर, पण तो निघाला पेट्रोल गाडीचा. माझ्या गाडीच्या पेट्रोल आणि हायब्रिड अवतारांत मागचे कॅलिपर वेगळे आहेत; पॅड हातात धरून सारखेच दिसतात, पॅड ज्यात बसतात त्या ब्रॅकेटमध्ये मात्र जात नाहीत. तेव्हा मॉडेलच्या नावावर जाऊ नका. चॅसी नंबरवरून मूळ पार्ट नंबर काढा आणि तो डब्यावरच्या यादीशी पडताळा. मी हे दुसऱ्या खेपेला केलं. पहिल्या खेपेला का नाही केलं, ते विचारू नका.

दुसरा सेट बसला. पण डब्यात क्लिपा नव्हत्या! पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, ज्या स्टीलच्या पातळ पट्ट्यांवर सरकतात, त्या. दोन चाकांच्या मिळून चार. पॅड, शिम (पॅडमागची आवाज दाबणारी पातळ पट्टी), ग्रीसची एवढीशी पुडी, सगळं होतं. नेमकं तेवढंच नाही. वेगळ्या घ्याव्या लागतात म्हणे. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, जुन्याच लावू, काही होत नाही." मलाही तेच ऐकायचं होतं.

काम चालू असताना एक गंमत झाली. मी सहज ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि आतून झूंऽऽ असा पंपाचा आवाज आला. काही हायब्रिडमध्ये दरवाजा उघडताच ब्रेकची यंत्रणा आपणहून दाब तयार करायला लागते. अशा वेळी कॅलिपर सुटा असेल तर पॅड ढकलणारा त्यातला पिस्टन बाहेर येण्याची भीती, शिवाय बोटं तिथेच. मेकॅनिक दचकला, मी त्याहून जास्त. मग चावी लांब ठेवली आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तसं यंत्रणा बंद करूनच पुढचं काम केलं. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो सर्व्हिस मोडमध्ये (पॅड बदलताना हँडब्रेक मोकळा ठेवणारी सोय) घेतल्याशिवाय मागचा पिस्टन दाबू देऊ नका.

पहिला महिना मी पॅडला शिव्या घातल्या. सकाळी रिव्हर्स घेताना खर्रर्र, आणि थांबायच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन मीटरला चीं. मधल्या वेगात अगदी शांत. माल हलका, असा माझा निकाल. पॅडच्या कडेला एफएफ छापलंय: पहिलं अक्षर थंड पॅडच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं, आणि एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. हायब्रिडचे पॅड बहुतेक वेळ थंडच असतात, म्हणून मी पहिल्या अक्षराकडे जास्त बघतो. ते तर ठीक होतं. मग आवाज कसला?

निकाल बदलतोय. शेवटच्या दोन-तीन मीटरला मोटर अंग काढून घेते आणि खरे ब्रेक तिथेच लागतात. मधल्या वेगात पॅड डिस्कला धड टेकतही नव्हते, मग आवाज कुठून येणार? सकाळची खर्रर्र रात्रभर डिस्कवर चढलेल्या गंजाची होती. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, न्यूट्रलला टाकून आठ-दहा वेळा बेताचे ब्रेक मारले. न्यूट्रलमध्ये मोटर मदतीला येत नाही, सगळं पॅडवर पडतं. खर्रर्र गेली. आता हे दर आठवड्याला करतो.

चीं मात्र राहिली. पाचव्या महिन्यात चाक पुन्हा उघडलं. एक पॅड कानाशी अडकलेला, मोकळा सरकतच नव्हता. जुन्या क्लिपेखाली गंज फुगून पट्टी वर आली होती, त्यात नव्या पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर. ब्रॅकेट ब्रशनं घासलं, नव्या क्लिपा घातल्या, पिनांना ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं. आवाज गायब. दोन महिने झाले, चारही पॅड सारखे झिजताहेत.

म्हणजे पॅडला पाचपैकी चार. कापलेला एक क्लिपांचा, आणि तो मी परत देणार नाही. दुसऱ्यांदा चाक उघडायची मजुरी क्लिपांच्या किमतीच्या कितीतरी पट गेली. जुन्या चार क्लिपा अजून डिकीतल्या डबीत आहेत. बायको दोनदा म्हणाली, टाका. टाकवत नाहीत.