स्टार्टअप करायचाय? मग आधी विचारा, शोध कोणाच्या नावावर राहणार

निफाड-दिंडोरीकडची इंजिनिअरिंगची मुलं हल्ली विचारतात, 'स्टार्टअपच करायचाय, शिकायला कुठे जाऊ?' माहितीपत्रकातला इनक्युबेटरचा (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राचा) चकचकीत हॉल बघून ठरवू नका. तिथे केलेला शोध कोणाच्या मालकीचा, हे आधी बघा.

कॅनडाच्या वॉटरलू विद्यापीठात तो करणाऱ्याचाच, मग प्राध्यापक असो की विद्यार्थी. शिवाय १९५७ पासून तिथे को-ऑप आहे: चार महिने वर्ग, चार महिने पगारी काम, आलटून पालटून. परदेशी विद्यार्थ्याला फी जबर, पण डिग्री हातात येईपर्यंत चार-पाच कंपन्यांचा कारभार आतून बघून होतो.

स्टॅनफर्डमध्ये विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निघालेलं पेटंट विद्यापीठाचं. गूगलच्या पेजरँकचं, म्हणजे शोधाचे निकाल क्रमाने लावण्याच्या पद्धतीचंही तसंच होतं. ती वापरायच्या परवान्याच्या बदल्यात मिळालेले गूगलचे शेअर विकून विद्यापीठाने सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर कमावले. गूगलवाल्यांचं त्यात काही बिघडलं नाही म्हणा! परवान्याच्या उत्पन्नातून १५ टक्के खर्चापोटी वजा होतात, उरलेल्याचे तीन भाग, त्यातला एक संशोधकाचा. पेटंटची कागदपत्रं, गिऱ्हाईक शोधणं हे सगळं विद्यापीठ बघतं. औषध किंवा चिपसारख्या खर्चिक कामाला मला हा सौदा वाईट वाटत नाही. ॲप काढणाऱ्याने मात्र वॉटरलूकडे बघावं.

सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ मुलांना सिलिकॉन व्हॅलीसारख्या ठिकाणी स्टार्टअपमध्ये कामाला धाडतं. ओळखी हव्या असतील तर उत्तम.

आपल्याकडे आयआयटी मुंबईचं 'साइन' हे इनक्युबेटर २००४ पासून आहे, ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथलीच. आयआयटी मद्रासमधून इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारी एथर निघाली.

आता नाशिक. समजा, कांदाचाळीत सड लागल्याचं आपल्याला वास येण्याआधी ओळखणारा सेन्सर बनवताय. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो, सड वाढते ती पावसाळ्यात. त्या महिन्यांत सारखं चाळीवर जावं लागतं, वरचा थर हलवून आतला कांदा बघावा लागतो. वॉटरलूला लॅब मिळेल, चाळ कुठून आणणार? २०१५ च्या कुंभमेळ्याआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळचे नाशिककर, कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारं 'कुंभथॉन' शिबिर घेऊन इथेच आले, कारण गर्दीचा प्रश्न गोदाघाटावर होता. शेतीचा माल, साठवण, वाहतूक असं काही डोक्यात असेल तर निदान पदवी इथेच करा.

फक्त प्रवेश घेताना कॉलेजकडे पेटंट-मालकीच्या नियमांची प्रत लेखी मागा. टोलवाटोलवी झाली, तर तो सेन्सर फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून दाखवू नका, उद्या कॉलेज त्यावर मालकी सांगू शकतं. प्रोजेक्टला दुसरा विषय घ्या.