कुऱ्हाडीच्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार : एक अख्खी लग्नसराई वाजवल्यानंतर

दिसायला ही गिटार भयाण आहे. बॉडी म्हणजे कुऱ्हाडीचं पातं, नेक म्हणजे दांडा, वर रक्ताचे ओघळ रंगवलेले. मूळ कल्पना 'किस' या अमेरिकन रॉक बँडच्या जीन सिमन्सची. क्रेमर कंपनीने 1980 मध्ये काढलेला त्याचा 'ॲक्स' (म्हणजे कुऱ्हाड) चार तारांचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार होती. माझी ही सहा तारांची, स्वस्तातली नक्कल. मी भुसावळचा. जळगाव-धुळे पट्ट्यात ऑर्केस्ट्रात वाजवतो, म्हणजे हळदीचे कार्यक्रम आणि अहिराणी गाण्यांच्या फर्माइशी.

आवाजाचं आधी. त्यात काही वाकडं नाही. तारांखाली आवाज पकडणारा पिकअप असतो; तार त्याच्या चुंबकावर थरथरते आणि तांब्याच्या गुंडाळीत वीज निर्माण होते. बॉडीच्या आकाराला इथे फारसं काम नाही. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने 1940 च्या सुमारास चार इंची चौकोनी ओंडक्यावरच तारा, पिकअप चढवले होते. गिटारीसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना अर्ध्या बॉड्या नंतर जोडल्या. माझ्या गिटारीत हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारे दोन गुंडाळ्यांचे पिकअप आहेत, त्यामुळे मांडवातल्या लायटिंगची गुणगुणही कमी येते.

खरं दुखणं तोलाचं. फेंडरच्या साध्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचं वरचं शिंग, म्हणजे बॉडीचं पुढे आलेलं टोक, बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) येतं आणि पट्ट्याचं बटण त्या टोकाला असतं, म्हणून ती अंगावर सरळ राहते. पात्याला शिंग कुठलं? बटण नेकच्या मागे, बुडाशी ठोकलंय. डावा हात सोडला की नेक थेट जमिनीकडे. आतून खरखरीत असलेला रुंद चामडी पट्टा घेतला, खुंट्या बदलून हलक्या लावल्या. निम्मा त्रास गेला. बसून वाजवायचं तर नावच काढू नका, पात्याची कड मांडीत रुतते. रियाज मी दुसऱ्या गिटारीवर करतो.

बॅग कुठलीच बसत नाही. शेवटी सीटकव्हर शिवणाऱ्याकडून रेक्झिनची शिवून घेतली. एसटीत लोक तिच्याकडे संशयानेच बघतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करा. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना बोचतात. कानशीने घासून घ्यावी लागली. पावसाळ्यात नेक वाकून तारा उंच झाल्या होत्या. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, जराशी आवळल्यावर जागेवर आल्या. हे मात्र कुठल्याही स्वस्त गिटारीचं रडगाणं आहे, कुऱ्हाडीचा दोष नाही.

कुरूप गिटारींचेही प्रकार असतात. स्टाइनबर्गर कंपनीच्या गिटारीला खुंट्यांचं डोकं नाही, बॉडी जेमतेम फळीएवढी; पण तोल आणि वजन यांचा विचार करूनच ती तशी बनवली. गिब्सनची फ्लाइंग व्ही 1958 मध्ये आली तेव्हा फारशी खपली नाही, पुढे तिच्यावर लोकांनी जीव टाकला. 'चीप ट्रिक' या रॉक बँडच्या रिक नील्सनची पाच नेकची गिटार उघड उघड तमाशासाठी, आणि तो ते लपवतही नाही. माझी तिसऱ्या जातीतली.

तमाशा म्हणाल तर पैसा वसूल. पोरं नाचायची सोडून फोटो काढतात, म्हातारी माणसं "हाई काय लई उना रे भाऊ?" (हे काय घेऊन आलास?) म्हणून जवळ येतात. एकमेव गिटार म्हणून घेऊ नका. स्टेजसाठी दुसरी हवी असेल तर खुशाल घ्या, फक्त पट्ट्याचं बटण कुठे आहे त्याचा फोटो आधी मागवा. रक्ताचे ओघळ मी पॉलिशपेपरने घासून काढले. लग्नघरात ते बरं दिसत नाही.